सनरूफ आहे ना? मग बघायचं काय!

येत्या दसऱ्याला गाडी घ्यायचं ठरलंय ना? कॉम्पॅक्ट एसयूव्हीच, हेही ओघानं आलंच. मी गेल्या दसऱ्याला घेतली. तेव्हा अनुभवी माणूस म्हणून गाडी कशी पारखायची ते सांगतो.

शोरूममध्ये संध्याकाळी जा. मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल दिव्याची पट्टी पेटते, ती बघून तिथेच निर्णय घ्या. चालवताना ती तुम्हाला एकदाही दिसणार नाही, पण मागच्या रिक्षावाल्याच्या सुखाचा कुणी विचार करायचा की नाही? पुढच्या बाजूला वर बारीक भुवयांसारखे दिवे आणि खरे हेडलाइट खाली बंपरात हवेत. सोसायटीतल्या पोरांच्या सायकलच्या हँडलला ते सोयीचे पडतात.

लांबी विचारू नका. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, सगळ्या ३,९९५ मिलिमीटर. हे माप डिझायनरनं नाही काढलेलं, त्याचं मूळ २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. चार मीटरच्या आत बसली तर कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर आतलीला १८ टक्के जीएसटी आणि बाहेरचीला ४०. (इंजिनाच्याही अटी आहेत, असो.) म्हणून पुढून वाघासारखी दिसणारी गाडी मागून सुरीनं कापलेल्या पावासारखी दिसते. तुम्ही पुढूनच फोटो काढा.

चाकांभोवतीचं जाड काळं प्लॅस्टिक जंगलासाठी असतं. आपलं जंगल म्हणजे सिंहगड रोड.

सीटा पांढऱ्याच घ्या. घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

डॅशबोर्डवर पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळं प्लॅस्टिक हवं. पिवळ्या फडक्यानं एकदाच पुसा, मग सिग्नलला थांबलात की ओरखडे मोजायला होतात.

मागच्या सीटवर चुकूनही बसून बघू नका. खिडकीची रेघ मागे वर वर चढत जाते, त्याला स्पोर्टी म्हणतात. माझी आई पाच फुटांची. तिला त्या खिडकीतून आभाळ दिसतं आणि विजेचे खांब दिसतात, वरचे अर्धे.

आणि बटणं! बटण दिसलं की नाक मुरडा. बटणं मिक्सरला असतात. गाडीत सगळं कसं स्क्रीनवर हवं, गुळगुळीत. माझ्या गाडीत तसंच आहे. परवाच्या जोडसुट्टीत दिवेआगरहून परत येताना ताम्हिणीत पाऊस लागला. ताम्हिणीतला पाऊस, जास्त सांगायला नको. आत आम्ही पाच जण, ओले टॉवेल, ओल्या चपला. एका वळणावर समोरच्या काचेनं वाफ धरली आणि पुढचं सगळं पांढरं. जुन्या गाडीत नजर रस्त्यावर ठेवून हात खाली न्यायचा, गोल बटण फिरवायचं, काच साफ. इथे स्क्रीनवर नकाशा. आधी नकाशातून बाहेर या. मग होम. मग एसी. मग पंख्याचं चित्र, पायावर हवा घेणाऱ्या माणसाचं चित्र, तोंडावर हवा घेणाऱ्या माणसाचं चित्र, आणि कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढं काचेचं चिन्ह. खड्डा आला, बोट घसरलं, सीट गार करणारा पंखा सुरू. पुन्हा खड्डा, आतल्या दिव्यांचा रंग जांभळा. काच पांढरी, गाडीत जांभळा उजेड, समोरून एसटी, मागून टेम्पोचा हॉर्न, आणि स्क्रीनमधली ती बाई अदबीनं विचारतेय, मी आपली काय मदत करू?

शेवटी बायकोनं ओढणीनं काच पुसली. घाट संपेपर्यंत ती तेवढंच करत होती. वर आल्यावर एकच वाक्य बोलली, "टॉपचंच मॉडेल हवं होतं ना?"

खरंय. खालच्या मॉडेलला गोल बटणं होती. दीड लाख जास्त मोजून मी ती काढून घेतली.

अरे, गाड्या आखणाऱ्यांनो, पावसात घाट चढलायत का कधी? एसी थिएटरमध्ये बसून स्क्रीन आखता का? युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांना हाताला लागणारं बटण नसेल तर पूर्ण गुण देणार नाही म्हटलंय. तिकडे अक्कल ठिकाणावर यायला लागली. आणि आमच्याकडे सेल्समन अभिमानानं सांगतो, "सर, एकही बटण नाही!"

आणि तुम्ही हसू नका. तुम्हीही हेच विचारता, स्क्रीन किती इंची आणि सनरूफ आहे का. आईला मागच्या सीटवर दहा मिनिटं बसवून बघत नाही. डोळे मिटून एसीचं बटण सापडतं का, हे बघायला काय पैसे पडतात? नसेल सापडत तर उठा आणि बाहेर या. त्यांच्या फुकटच्या कॉफीला भुलू नका. आणि सनरूफ हवं कशाला? पोरांना त्यातून वर काढून उभं करायला? चालत्या गाडीतून कमरेपर्यंत बाहेर आलेली पोरं रोज दिसतात, आणि खाली बाप मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. अचानक ब्रेक लागला तर काय होईल, हे कळत नाही? बंद करा ते छत. पोराला खाली बसवा. पट्टा लावा त्याला आधी.