दुप्पट डोस आणि सात दशांश मिलिमीटर

मेंदूच्या औषधांविषयी एक दावा बराच पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा, की औषध एकदा रक्तात मिसळले की पाण्यात शाई पसरावी तसे ते मेंदूच्या कानाकोपऱ्यात सारखेच पोहोचते. कुठे कमी पडलेच तर डोस वाढवावा. आणि मेंदूसारखा जिवंत अवयव समीकरणात मावत नसल्यामुळे औषधाच्या प्रसाराचे गणित मांडणे हा निव्वळ कागदी खेळ आहे. यातले एकेक विधान तपासून पाहू.

रक्तात पोहोचले म्हणजे मेंदूत पोहोचले, हे पहिले विधान फार वेळ घेणारे नाही. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिश यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा इतर अवयव रंगले आणि मेंदू जवळजवळ कोरा राहिला. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ साली रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर नेमके उलट घडले. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात आणि आत शिरू पाहणारी कित्येक औषधे त्यांतले पंप पुन्हा रक्तात ढकलून देतात. जुलाबावरचे लोपेरामाइड हे रासायनिकदृष्ट्या अफूवर्गातले औषध आहे, तरी नेहमीच्या मात्रेत ते घेणाऱ्याला गुंगी येत नाही, ती या पंपांमुळेच. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत कमी पडणारे डोपामिन न देता, ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते ते लेव्होडोपा देतात, त्याचेही कारण ही भिंतच आहे: डोपामिन ती ओलांडत नाही, लेव्होडोपा ओलांडते.

शाईची उपमा मात्र जरा सावकाश पाहण्यासारखी आहे, कारण पेल्यातली शाईसुद्धा प्रामुख्याने पाण्यातल्या बारीक प्रवाहांमुळे पसरते, केवळ विसरणामुळे, म्हणजे रेणूंच्या आपोआप होणाऱ्या भटकंतीमुळे, नव्हे. मेंदूच्या ऊतीत असा पेला नसतो. पेशींच्या मधल्या फटी काही दशक नॅनोमीटर रुंदीच्या असतात, त्या सगळ्या मिळून ऊतीच्या आकारमानाचा सुमारे २० टक्के भाग व्यापतात आणि रेणूला त्यांतून वळसे घेत जावे लागते. चार्ल्स निकल्सन आणि जे. एम. फिलिप्स यांनी १९८१ साली उंदराच्या अनुमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात) एका लहान आयनाचा, म्हणजे विद्युतभारित कणाचा, प्रवास मोजून दाखवले, की या वळशांचा गुणक साधारण १.६ आहे. विसरणाचा वेग त्याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे अडीच पटीने, घटतो.

आता साधे गणित करू. लहान रेणूसाठी ऊतीतला विसरण गुणांक, म्हणजे विसरण किती जलद होते हे सांगणारा आकडा, सेकंदाला ०.००० ००२ चौरस सेंटिमीटर धरला आणि अंतराचा वर्ग भागिले गुणांकाची दुप्पट हे आइन्स्टाइन यांचे १९०५ सालचे सूत्र वापरले, तर २० मायक्रोमीटर जायला एक सेकंद लागतो, एक मिलिमीटरला सुमारे ४२ मिनिटे आणि एक सेंटिमीटरला जवळजवळ तीन दिवस. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. दोन शेजारच्या केशवाहिन्यांमधले अंतर सुमारे ४० मायक्रोमीटर असल्याने, जे औषध भिंत सहज ओलांडते, त्याच्यासाठी पुढचा प्रवास एका सेकंदाचा आहे, आणि तेवढ्यापुरते दावा करणाऱ्याचे म्हणणे खरे आहे. पण जे औषध भिंत ओलांडत नाही म्हणून थेट ऊतीत ठेवावे लागते, तिथे मिलिमीटर आणि तास मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

‘कमी पडले तर डोस वाढवा’ हा सल्ला सर्वांत धोक्याचा आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. औषध ऊतीत नुसते पसरत नाही. पसरता पसरता ते विघटित होते, पेशींना चिकटते, केशवाहिन्यांत शिरून निघून जाते. समजा, दर तासाला ते निम्मे होते. वरचाच विसरण गुणांक घेऊन सपाट पृष्ठभागापासून आत जाणाऱ्या औषधाची स्थिरावलेली स्थिती काढली, तर दर एक मिलिमीटरला संहती (औषधाचे ऊतीतले प्रमाण) सुमारे ३७ टक्क्यांवर उतरते आणि पाच मिलिमीटरवर मूळच्या एक टक्काही उरत नाही. आता डोस दुप्पट केला तर परिणामकारक संहतीची सीमा किती सरकते? ०.७ मिलिमीटर. दहापट केला, तर २.३ मिलिमीटर. पृष्ठभागाजवळच्या निरोगी पेशींना मात्र दुप्पट किंवा दहापट विषारीपणा सोसावा लागतो. डोस आणि पोहोच यांच्यातले नाते लॉगरिदमचे आहे, म्हणजे डोस पटीने वाढवला तरी पोहोच ठरावीक मिलिमीटरांनीच वाढते, हे अंदाजाने कुणाच्याही ध्यानात येणार नाही. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर पोकळीत ठेवायच्या कार्मस्टीन या कर्करोगविरोधी औषधाच्या चकत्यांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. औषध काही मिलिमीटरच आत जाते ही त्यांची मर्यादा याच गणिताने समजते.

जिवंत अवयव समीकरणात मावत नाही, या आक्षेपात एक गल्लत आहे: समीकरण मेंदू ‘मावण्यासाठी’ लिहिले जात नाही, एका नेमक्या प्रश्नापुरते लिहिले जाते. केशवाहिनीभोवतीच्या ऊतीत प्राणवायू किती आत जातो, हे डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१९ साली ज्या समीकरणाने काढले, ते त्यांना एर्लांग यांनी मांडून दिले होते; टेलिफोनच्या तारा किती असाव्यात हे ठरवणारे गणितज्ञ तेच. शिवाय समीकरणातले आकडे जिवंत ऊतीतूनच येतात. रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगतात आणि फटींचा २० टक्के वाटा पाचाच्या आसपास येतो. मज्जातंतूंच्या दिशेने विसरण जलद आणि आडवे सावकाश होते. हे सगळे समीकरणात घालता येते आणि घातले जाते.

गणिताची बाजू घेणाऱ्यांनीही एक गोष्ट झाकू नये. विसरण अपुरे पडते म्हणून बारीक नळीतून दाबाने औषध सोडण्याची पद्धत १९९४ साली मांडली गेली. हिशेब आकर्षक आहे: फटींचा वाटा २० टक्के, म्हणून एक मिलिलिटर द्रव पाच मिलिलिटर ऊत व्यापील, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर त्रिज्येचा गोल, मिनिटाला पाच मायक्रोलिटर सोडले, तर ज्या अंतराला विसरण तीन दिवस घेते ते साडेतीन तासांच्या आत. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २९६ रुग्णांच्या चाचणीत अशा प्रकारे दिलेल्या औषधाने चकत्यांच्या तुलनेत आयुष्य वाढले नाही. नंतर तपासल्यावर आढळले, की कित्येक नळ्या ठरवलेल्या निकषांनुसार बसलेल्याच नव्हत्या आणि औषध हव्या त्या भागाच्या थोड्याच अंशात पोहोचले असावे. हा अंदाजही प्रसाराच्या प्रारूपावरूनच बांधला गेला.

द्रव नळीच्या बाहेरच्या बाजूने मागे सरकतो, ही त्यातली एक नेहमीची अडचण. प्रवाह आणि नळीची जाडी वाढली की हे मागे सरकणे वाढते, असे समीकरणांवरून दिसले होते. टोकाकडे पायरीने निमुळत्या होणाऱ्या नळ्या त्याच अडचणीवरचा उपाय म्हणून आल्या. आता औषधात एमआरआयमध्ये दिसणारे द्रव्य मिसळून प्रसार चालू असतानाच पाहता येतो, आणि चित्रातली कड अपेक्षेपेक्षा वेगळी गेली, तर शल्यविशारद प्रवाह कमी करू शकतो किंवा नळीचे टोक हलवू शकतो.