आता तरी घेतील का याला?

कॉलेज बेसबॉलचा मोसम फेब्रुवारीत सुरू होतो. हे ज्याने ठरवलं तो नक्की फ्लोरिडात राहत असणार. ओहायोत फेब्रुवारी हा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा महिना. मुलाच्या कॉलेजच्या पहिल्या घरच्या सामन्याला आम्ही पोचलो, तेव्हा खेळाडू आणि त्यांचे बाप मिळून फावड्यांनी मैदान उकरत होते. मी शेजारच्या बाईंना विचारलं, "असल्या हवेत सामना पुढे नाही का ढकलत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "हा पुढे ढकललेलाच आहे."

कॉलेज बेसबॉल म्हटलं की इथल्या लोकांना ओमाहा आठवतं. नेब्रास्कातल्या या शहरात १९५० पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज भरते. ६४ संघ गाळून आठ उरतात, ते जूनमध्ये तिथे जातात. स्टेडियम खच्चून भरतं, टीव्हीवर दाखवतात, गेल्या काही वर्षांत एलएसयूने (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) २०२३ आणि २०२५ असं दोनदा जिंकलं वगैरे. आमचं कॉलेज त्या गावचं नव्हे. आमचं डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी. इथे खेळाची शिष्यवृत्ती नसते. म्हणजे फी आपण भरायची, पेट्रोल आपलं, हॉटेल आपलं, आणि मुलगा बसणार बाकावर.

त्यातून आमचे चिरंजीव रिलीफ पिचर. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमला किंवा झोडपला गेला की त्याच्या जागी आणतात तो हा. कधी आणतील याचा भरवसा नाही, आणतीलच असंही नाही. शिवाय चिरंजीव डावखुरे. लहानपणी डाव्या हाताने जेवतो म्हणून सासूबाईंनी सांगलीला गेल्यावर त्याच्या मागे काय कमी लागावं! इथे कोच भाळले ते त्याच हातावर. समोर डावखुरा बॅटर आला की डावखुरा पिचर घालायचा, असं या खेळातलं जुनं शास्त्र आहे. म्हणजे आमच्या मुलाचं नशीब उघडायला आधी आमच्या पिचरने मार खायला हवा आणि नेमका तेव्हाच समोरच्या संघाचा डावखुरा यायला हवा. बाकीच्या आया आपल्या संघासाठी देवाला हात जोडतात. मी काय मागत असेन ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेला जाळी लावलेला एक कोपरा. तिथे हे रिलीफ पिचर उलट्या बादल्यांवर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि फोलपटं थुंकतात. सहा-सहा पोरं, तीन-तीन तास. दंतवैद्याकडे दोन वर्षं तारा बसवून सरळ केलेले दात या कामाला येतील असं वाटलं नव्हतं. मग मध्येच एक जण उठतो, जॅकेट काढतो, हात गोल फिरवतो आणि चेंडू टाकायला लागतो. तो आपला असेल तर पोटात गोळा येतो. मी पर्समधून फोन काढते, हातमोजा दातांनी ओढते, व्हिडिओ सुरू करते, नवऱ्याला कोपराने ढोसते. नवरा म्हणतो, "आता तरी घेतील का याला?" तेवढ्यात आमचा पिचर कसाबसा तिसरा गडी बाद करतो, इनिंग संपते, आणि चिरंजीव जॅकेट घालून परत बादलीवर. माझ्या फोनमध्ये जॅकेट काढण्याघालण्याचे इतके व्हिडिओ आहेत की कुणाला वाटावं मुलगा मॉडेलिंग करतो.

या खेळाला घड्याळाचा धाक नाही. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत चालू. २००९ साली ऑस्टिनमध्ये टेक्सस युनिव्हर्सिटी आणि बॉस्टन कॉलेजचा सामना २५ इनिंग चालला, सात तासांच्या वर. एवढं करून स्कोअर ३-२. टेक्ससकडून ऑस्टिन वुड नावाच्या रिलीफ पिचरने एकट्याने १३ इनिंग टाकल्या, आणि तो डावखुरा. हे वाचून मी हरखून चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, "आई, ते टेक्सस आहे." पुढे काही बोलले नाहीत.

यंदाच्या मोसमात आमचे सासरेही होते. अप्पा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले ते ऐन फेब्रुवारीत. निवृत्तीपर्यंत बँकेत नोकरी आणि रविवारी क्रिकेटची अंपायरगिरी, असं त्यांचं आयुष्य गेलं. विजय हजारे सांगलीत जन्मले ही गोष्ट ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात, मग समोरचा कोणत्याही देशाचा असो. नातवाचा खेळ बघायला ते अंगात दोन स्वेटर, वर शाल आणि डोक्याला माकडटोपी अशा थाटात आले. आमचा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा), उघड्या दंडांचा पोरगा, टोपीकडे बघतच राहिला. "सर, ही कुठे मिळते?" त्याने विचारलं. अप्पांनी त्याला आधी हजारे सांगितले.

पहिल्याच इनिंगला अप्पा अस्वस्थ. बॅटरने चेंडू कॅचरच्या डोक्यावरून मागे भिरकावला. फाऊल. "अगं, एवढा सुंदर लेट कट, आणि धाव नाही?" मी सांगितलं, "अप्पा, दोन रेषांच्या मधेच मारायचा असतो. बाहेर गेला तर तो स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बाद." पुढच्या बॅटरने दोन स्ट्राइक झाल्यावर असेच चार-पाच फाऊल मारले आणि तो तिथेच उभा. "मग हा का बाद नाही?" "दोन स्ट्राइकनंतर फाऊल धरत नाहीत." अप्पांनी थोडा वेळ विचार केला. "म्हणजे कायदा आहे, पण वेळेवर लागू होत नाही. मग ठीक आहे, जमेल मला."

खरी पंचाईत अंपायरवरून झाली. इथे पालक अंपायरवर मनसोक्त ओरडतात. डॉक्टर, शिक्षिका, चर्चमध्ये पेटी वाजवणारे गृहस्थ, सगळे. "चष्मा लाव!" ही त्यातली सभ्य सूचना. अप्पा आयुष्यभर या शिव्यांच्या समोरच्या बाजूला उभे राहिलेले. ते उठले आणि प्रत्येक निर्णयाला टाळ्या वाजवू लागले. आमच्या विरुद्ध निर्णय गेला तरी टाळ्या. "बरोबर आहे! उत्तम! असाच ठाम राहा!" हे मराठीतून. दोन आठवड्यांत लोक त्यांना अंपायरचे वडील समजून चार हात लांब बसू लागले. आम्हालाही पाय पसरायला जागा झाली, हे कबूल करते.

मी हिशेबातली बाई, म्हणून मला स्कोअरबुक आवडलं. या खेळात प्रत्येक जागेला नंबर असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस (पळत गाठायचा पहिला टप्पा) ३. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूने, चेंडू उचलून दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्याने पहिल्या बेसवाल्याला दिला, दोन गडी बाद, की लिहायचं ६-४-३. बॅटर नुसता बघत उभा राहून तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी के अक्षर उलटं काढायचं. एवढी अब्रू काढायची पद्धत आमच्या ऑफिसातही नाही. आणि मैदानावरच्या फलकावर धावा, हिट्स आणि त्यांच्या शेजारी चुका. चुका! बेरीज करून, दिवे लावून, सगळ्या गावाला दिसतील अशा. सासूबाईंनी हा खेळ कधी पाहिला नाही हे माझं भाग्य.

शनिवारी डबलहेडर असतो, म्हणजे एकाच दिवशी पाठोपाठ दोन सामने. मधल्या वेळेत पोरांना खायला घालायचं काम पालकांकडे पाळीपाळीने. सँडविच, चिप्स, ब्राउनी हा ठरलेला बेत. आमची पाळी आली तेव्हा मी बटाटेवडे केले, मिरची बेताची, सोबत हिरवी चटणी. पहिला सामना आम्ही मोठ्या फरकाने हरलो होतो. पोरं मान खाली घालून आली, आणि ॲल्युमिनियमचा ट्रे बघता बघता रिकामा. पहिल्या बेसवर खेळणाऱ्या धिप्पाड पोराने तर चटणीचा डबा पुसून खाल्ला. दुसऱ्या सामन्यात त्याने दोन होम रन (आपल्या षटकारासारखे) ठोकले आणि आम्ही जिंकलो.

तिथून माझी फरफट सुरू झाली. बेसबॉलइतका अंधश्रद्ध खेळ नसेल. कॅचर जिंकत असेपर्यंत मोजे धूत नाही. पिचर मैदानात येता-जाता पांढऱ्या रेषेवर पाय पडू देत नाही, उडी मारून ओलांडतो. आपल्या पिचरला एकही हिट बसली नसेल तर ते तोंडाने उच्चारायचं नाही, त्याच्या शेजारीही बसायचं नाही. असल्या मंडळींच्या तोंडी वडा लागला आणि लगेच होम रन! रविवारी कोचचा मेसेज आला, फार नम्र: पुढच्या शनिवारी ते बटाट्याचे गोळे येतील का?

मग काय, दर शनिवारी पहाटे उठून तळण. स्मोक अलार्म वाजतो, अप्पा उठून चहा मागतात, नवरा टॉवेल घेऊन अलार्मला वारा घालतो. मार्चच्या सुट्टीत संघ ऊब शोधत फ्लोरिडाला गेला, तेव्हा कढई चेक-इन बॅगेतून आली. बॅग उघडली तर कढईत विमानतळ सुरक्षावाल्यांची चिठ्ठी, की आम्ही आपलं सामान तपासलं. त्यांचंही बरोबरच आहे. बेसन, हिंग आणि लोखंडी कढई घेऊन बेसबॉल बघायला कोण जातं? हॉटेलच्या पार्किंगमध्ये कॅम्पिंगच्या स्टोव्हवर मी वडे तळले. दुसऱ्या कॉलेजचे पालक किंमत विचारून गेले.

आणि एका शनिवारी वडे खाऊन आम्ही हरलो. पोरं काही बोलली नाहीत, पण शॉर्टस्टॉपची आई हळूच जवळ आली. "आज तो हिरवा सॉस नेहमीचाच होता ना?" खोटं कशाला बोला, कोथिंबीर दुसऱ्या दुकानातली होती. तिने मान डोलावली आणि जाऊन इतरांना सांगितलं. तेव्हापासून कोथिंबिरीचं दुकानही ठरलं. ते पाऊण तास लांब आहे.

यानंतर आम्ही सलग हरतच गेलो. मन रमवायला मी कॅलटेकचा इतिहास वाचला. पॅसाडिनाच्या या संस्थेत नोबेलवाले पैशाला पासरी, पण त्यांचा बेसबॉल संघ २००३ पासून लागोपाठ २२८ सामने हरला. फेब्रुवारी २०१३ मध्ये एकदाचा ९-७ असा जिंकला. म्हणजे एखादा विद्यार्थी आला, चार वर्षं खेळला, पदवी घेऊन गेला, आणि जिंकणं कसं असतं हे त्याला माहीतच नाही. त्यांच्या आया काय तळत असतील?

अप्पांनीही वाचून काढलं. इथला पहिला आंतरकॉलेज बेसबॉल सामना १ जुलै १८५९ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डमध्ये. ॲमहर्स्टने विल्यम्सला ७३-३२ असं हरवलं. तिथल्या तेव्हाच्या नियमात पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद. "म्हणजे आमची आबाधुबी!" अप्पा खूश. आणि सामन्याच्या जोडीला दोन्ही कॉलेजांत बुद्धिबळाचा डावही झाला होता, तोही ॲमहर्स्टने जिंकला. अप्पांचं म्हणणं, तेवढा बुद्धिबळाचा भाग काढून टाकायला नको होता. बसून खेळता येतं, आणि आतमध्ये.

एप्रिलअखेरचा बाहेरगावचा सामना. चार तास गाडी चालवून गेलो. आठवी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, आम्ही एका धावेने पुढे, आणि समोरून डावखुरा बॅटर येतोय. कोच डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवरून, चालत निघाले आणि त्यांनी बुलपेनकडे बघून डावा हात वर केला. नवरा उभा राहिला. अप्पांनी माकडटोपी काढली, केवढा हा मान. मी फोन धरला तो थरथरत. चिरंजीव धावत आले, टाचेने माती उकरली, टोपी सारखी केली. पहिला चेंडू बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा माझ्या मते आत होता, अंपायरच्या मते बाहेर. सबंध स्टँड अंपायरवर तुटून पडलं. मीही ओरडले, मराठीतून, जे ओरडले ते इथे लिहीत नाही. चौथाही बाहेर. असे चार बॉल, म्हणजे बाहेरचे चेंडू, झाले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो. बेस भरलेले असले की बाकीचे एकेक पुढे सरकतात आणि धाव जाते. बरोबरी झाली. कोच पुन्हा चालत आले आणि चेंडू काढून घेतला.

अप्पा टोपी घालत होते. "अप्पा," मी म्हटलं, "तिसरा आत होता ना?" त्यांनी घसा खाकरला. "काठावर होता. मी असतो तर..." मी वाट बघत राहिले. "मीही बाहेरच दिला असता."

परतीच्या वाटेवर गाडीत चार तास कुणी बोललं नाही. चिरंजीव संघाच्या बसमधून आले, ते मात्र मजेत. मध्यरात्री फ्रिज उघडून त्यांनी उरलेले वडे थंडच खाल्ले आणि आम्हाला खबर दिली. कोच म्हणालेत, हात चांगला आहे, उन्हाळ्यात मेहनत कर, पुढच्या वर्षी तुला स्टार्टर करतो. स्टार्टर म्हणजे पहिल्या चेंडूपासून मैदानात. नवऱ्याने त्याला मिठी मारली. मी तिथेच उभी राहून हिशेब करत होते: आतापर्यंत निदान पहिल्या तीन-चार इनिंग गाडीत हीटर लावून बसता येत होतं.