संसदेचं ‘महागडं’ मिनिट आणि जीडीपीचा दीड टक्का

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. सारांश असा : संसदेच्या एका मिनिटाला अडीच लाख रुपये लागतात आणि तिथे नुसती भांडणं होतात, चर्चेतून कधी काही निघालेलं नाही, त्यापेक्षा देशातल्या सगळ्या निवडणुका एकदम उरकल्या तर 1 लाख 35 हजार कोटी वाचतील, जीडीपी दीड टक्क्यानं वाढेल आणि आचारसंहितेत अडकलेली कामं मार्गी लागतील.

अडीच लाखांचा आकडा 2012 च्या सुमाराचा, तत्कालीन संसदीय कामकाज मंत्र्यांनी दिलेला. तो खरा धरू. दिवसाला सहा तास, वर्षाला सत्तर दिवस कामकाज झालं तर खर्च होतो 630 कोटी. केंद्राचं 2025-26 चं अंदाजपत्रक 50 लाख कोटींच्या वर आहे. म्हणजे शंभर रुपये कुठे जातात हे विचारायला सव्वा पैसा. गोंधळात दिवस वाया जातात ही तक्रार रास्तच आहे, पण त्यावर उपाय म्हणून विचारणंच बंद करायचं?

1 लाख 35 हजार कोटी हा 2024 च्या निवडणुकीतल्या एकूण उलाढालीचा एका संस्थेनं केलेला अंदाज. त्यात बहुतांश पैसा पक्षांचा आणि उमेदवारांचा. सरकारी तिजोरीतून 2014 च्या लोकसभेला सुमारे 3,870 कोटी गेले होते. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, लोकसभेला मोठ्या राज्यांत 95 लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. पैसा वाचवायचाच असेल तर आधी ही फट बुजवा. त्याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही.

दीड टक्क्याचं प्रकरण मात्र जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. एकत्र निवडणुकांचा विचार करायला माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या मार्च 2024 च्या अहवालात एका अभ्यासाचा आधार आहे : एकत्र निवडणुकांच्या आधीचा आणि नंतरचा विकासदर ताडून पाहायचा. पण देशभर एकत्र निवडणुका झाल्या त्या 1951-52, 1957, 1962 आणि 1967 मध्ये. चारच. 1957 नंतरच्या वर्षी पाऊस रुसला, परकीय चलन आटलं आणि विकासदर शून्याखाली गेला. 1962 च्या ऑक्टोबरात चीनचं युद्ध. 1967 च्या आधी लागोपाठ दोन दुष्काळ आणि रुपयाचं अवमूल्यन. नंतर पाऊस बरा झाला आणि दर उसळला. त्याचं श्रेय मतपेटीला द्यायचं की मोसमी पावसाला? चार उदाहरणांवरून, तीही अशी, दीड टक्क्याची हमी देण्याचं धाडस मी तरी करणार नाही.

‘चर्चेतून काही निघत नाही’ हे तर पुण्यात बसून लिहायला हिंमत लागते. गोपाळ कृष्ण गोखले 1902 च्या मार्चमध्ये केंद्रीय कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा सभासदांना त्यावर मतदानाचाही अधिकार नव्हता. सरकारची शिल्लक हा समृद्धीचा नव्हे, जादा कराचा पुरावा आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. मिठावरचा कर 1903 मध्ये मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला, पुढे 1907 पर्यंत एकवर. सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं नाही. पण दर वर्षी तोच मुद्दा कुणी उगाळला नसता तर? अलीकडचं पाहा : जीएसटीच्या मूळ विधेयकातला एक टक्का जादा कर राज्यसभेत सव्वा वर्ष घासाघीस झाल्यावर गळला आणि ऑगस्ट 2016 मध्ये तिथे विरोधात एकही मत पडलं नाही.

आता चर्चा टाळली की काय होतं तेही बघा. 2017 मध्ये निवडणूक रोख्यांची, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याच्या सोयीची, वाट धन विधेयकातून मोकळी झाली. कंपन्यांनी पक्षांना द्यायच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही त्यातच उडाली. राज्यसभेनं ती ठेवायची दुरुस्ती केली, लोकसभेनं फेटाळली. धन विधेयकात वरच्या सभागृहाचं ऐकावंच लागत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रोखे आणि अमर्याद देणग्या दोन्ही घटनाबाह्य ठरवले. मधल्या काळात हजारो कोटी फिरून गेले होते.

राहिली आचारसंहिता. ती नव्या घोषणा अडवते, चालू कामं नाही. आणि निवडणूक नसली की विकास धावतो, याचा प्रयोग पुणेकरांवर होऊन गेलाय. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. जवळपास चार वर्षं ना नगरसेवक, ना मुख्य सभेत वाद. अंदाजपत्रक मांडणारे आयुक्त आणि प्रशासक म्हणून मंजूर करणारेही आयुक्तच. त्या काळात आपल्या भागातले रस्ते, पाणी आणि कचरा किती सुधारला, हे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी आधी ग्रुपवर लिहावं.