‘४८ व्होल्टचं बटण दाबू नका’ म्हणे!

परवा रात्री भाचीचा फोन आला, अगदी रडवेल्या आवाजात. कथावाचनासाठी तिने पैसे साठवून कंडेन्सर माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) घेतलाय. "मामा, माइक खराब निघाला. गेन (सिग्नल मोठा करायची खुंटी) पूर्ण वाढवला तरी नुसती खरखर येते." इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू केलंस ना, असं विचारलं तर म्हणते, "छे, ते दाबायचं नसतं. ग्रुपवर आलंय."

ते ‘आलेलं’ तिने मला पाठवलं. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना इशारा, चार मुद्दे, आणि खाली ‘सर्वांना पाठवा’. पाठवणाऱ्यांपैकी एकाने तरी इंटरफेससोबतचं माहितीपत्रक उघडलं असतं तर!

पहिला मुद्दा असा: "४८ व्होल्टने शॉक बसतो, माइक जळतो. बटण दाबू नका, त्याऐवजी गेन पूर्ण वाढवा."

कंडेन्सर माइकमध्ये एक पातळ पडदा असतो आणि त्याच्यामागे एक स्थिर पट्टी. आवाजाने पडदा थरथरतो, दोघांमधलं अंतर बदलतं, त्यातून सिग्नल तयार होतो. पण तो इतका नाजूक असतो की केबलमध्ये शिरण्याआधी त्याला माइकच्या पोटातल्या छोट्या सर्किटचा आधार लागतो. त्या सर्किटला वीज पुरवतं तेच हे बटण. इलेक्ट्रेट प्रकारात पडदा-पट्टीवरचा विद्युतभार कायमचा असतो, पण सर्किटची भूक तिथेही सुटत नाही. वीज न देता गेन वाढवणं म्हणजे कोरड्या विहिरीवर रहाट जोरात फिरवणं. कानावर येते ती रहाटाचीच करकर.

आता शॉक आणि जळणं. फँटम पॉवर, म्हणजे सिग्नलच्याच तारांतून माइकला जाणारी ही वीज, कशी द्यायची हे आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात लिहून ठेवलंय. ४८ व्होल्ट दोन्ही सिग्नल तारांवर सारखेच येतात, प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून. म्हणजे तार थेट शॉर्ट झाली तरी तिच्यातून साधारण ७ मिलिअँपिअरच वाहतात. आणि दोन्ही तारांवर दाब सारखा असल्याने साध्या डायनॅमिक माइकच्या (चुंबक आणि कॉइलवर चालणाऱ्या, वीज न लागणाऱ्या) कॉइलमधून प्रवाह जातच नाही. जळणार काय? ही पद्धत कालची नाही. १९६६ मध्ये नॉयमन या जर्मन माइक कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ हा माइक बनवला. तिथल्या स्टुडिओंत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्ट आधीच होते, म्हणून हा आकडा. तेव्हापासून जग हे बटण दाबतंय.

बरं, एक कबूल करतो. जुन्या रिबन माइकला (पडद्याऐवजी धातूची पातळ फीत असलेल्या) सदोष केबलमुळे फँटमने इजा होऊ शकते. कुणीतरी ते अर्धवट ऐकलं असणार आणि सगळ्याच माइकांच्या माथी मारलं.

या मुद्द्यातलं खरं घातक वाक्य मात्र गेनचं आहे. गेन पूर्ण, कानाला हेडफोन, आणि अशात कुणी शेवटी वैतागून ते बटण दाबलंच, तर जो धमाका होतो तो थेट कानात. म्हणून फोनवर मी तिला पहिलं सांगितलं ते हेडफोन काढायला. मग गेन शून्यावर, केबल नीट बसवलेली, मग ४८ व्होल्ट, चार-पाच सेकंद थांबायचं, मग हळूहळू गेन. काढताना उलट क्रम. फोनवरच तिचा आवाज आला. माइक ठणठणीत होता.

दुसरा मुद्दा, "यूएसबीतून ५ व्होल्टच येतात, वेगळा फँटम बॉक्स घ्या". ५ चे ४८ करणारं सर्किट इंटरफेसच्या आतच असतं, आणि माइकला लागतात जेमतेम काही मिलिअँपिअर. ४८ व्होल्टचं बटण असेल तर बॉक्सवर पैसे घालवू नका. तिसरा, "१९२ किलोहर्ट्झवर आवाज गोड होतो". हा आकडा म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे ते. माणसाला २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ऐकू येत नाही आणि ४८ चं सेटिंग त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे २४ पर्यंत टिपतं. फाइल चौपट होईल, गोडवा तेवढाच.

चौथा, "कंडेन्सर शेजारपाजारचे आवाज ओढतो, घरात निरुपयोगी". यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. तो संवेदनशील असतो, रिकाम्या खोलीचा घुमारा लपवत नाही. पण ओढत कुठलाच माइक नाही. डायनॅमिकमध्ये शेजारी कमी ऐकू येतो कारण आपण त्याला ओठ लावून बोलतो आणि कंडेन्सर मात्र दोन हात लांब ठेवतो. अंतर निम्मं करा, तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा जवळपास तेवढाच राहतो. वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चा फुत्कार अडवणारी जाळी), कार्डिऑइड म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा माइक असेल तर माइकची पाठ गोंगाटाकडे. आणि मोठ्या पडद्याच्या बहुतेक माइकांत बाजूने बोलायचं असतं, टोकात नाही. आमच्या बाईसाहेब टोकात बोलत होत्या.

आता तिची नवी तक्रार आहे, पंखा ऐकू येतो. मग बंद कर की!