‘वर्डप्रेस मेलं’ म्हणणाऱ्यांना कोल्हापुरातून उत्तर

राजारामपुरीतल्या क्लासच्या पोरांपासून उद्यमनगरातल्या कारखानदारांपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: पीएचपी मेली, वर्डप्रेस हॅक होतं, संथ चालतं, आता कुठलीही साइट रिअ‍ॅक्टमध्येच बांधायची, आणि वर्डप्रेसवाला हा खरा डेव्हलपरच नव्हे. शेवटची नुसती शिवी आहे, ती सोडून देऊ. बाकीचं एकेक बघू. आधी ओळख: वर्डप्रेस म्हणजे साइट बांधायचं आणि चालवायचं तयार सॉफ्टवेअर, पीएचपी ही ते ज्यात लिहिलंय ती भाषा, आणि रिअ‍ॅक्ट म्हणजे पानाचा दिसणारा भाग बांधायचं जावास्क्रिप्टचं टूल.

पीएचपी मेली? भाषा १९९५ सालची, वय झालंय हे मान्य. पण २०१५च्या डिसेंबरात तिची ७.० आवृत्ती आली तेव्हा तिचा वेग कितीतरी वाढला आणि २०२० मध्ये ८.० आली. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तेही पीएचपीतच लिहिलंय. मेली आहे ती ५.६. तिचे सुरक्षा अपडेट २०१८ अखेर थांबले. जुन्या साइटचं सीपॅनल, म्हणजे होस्टिंगच्या सेटिंगचं पान, उघडलं की अजून तीच निवडलेली दिसते. ड्रॉपडाउनमधून आवृत्ती बदलायला कुणी हात लावला नाही, याचं खापर भाषेवर कशाला?

हॅक होतं, हे मात्र खरं आहे. फक्त चोर शिरतो कुठून ते मेसेजवाला सांगत नाही. वर्डप्रेसचा गाभा २०१३ पासून किरकोळ सुरक्षा अपडेट आपोआप घेतो. भगदाड पडतं ते वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या प्लगइनमधून (वरून बसवलेल्या जादा सोयी) आणि ‘नल्ड’, म्हणजे लायसन्स तोडून वाटलेल्या, थीममधून (साइटच्या रूपाचा साचा). विकतची थीम टेलिग्रामवर फुकट मिळाली म्हणून आपण खुशीत चढवतो. मग कधीतरी थीमच्या फंक्शन्सवाल्या फायलीत तळाला अगम्य अक्षरांची लांबलचक ओळ सापडते, सुरुवातीला ‘इव्हॅल’, म्हणजे ‘पुढचा मजकूर कोड म्हणून चालव’ हा हुकूम, लिहिलेली. शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्याचं नाव गुगलवर टाकलं की निकालात जपानी अक्षरांतल्या बॅगा-घड्याळांच्या जाहिराती येतात, त्या अशाच ओळीच्या कृपेनं. फुकटची थीम अशी वसुली करते राव!

आणि रिअ‍ॅक्ट म्हणजे काही पन्हाळगड नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या सर्व्हर कंपोनंट्समधल्या, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागातल्या, एका फटीला गंभीरतेचे १० पैकी १० गुण मिळाले. लॉगिन न करता परक्याला सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. तिथंही अपडेट मारणाराच वाचला.

संथ चालतं, याचं उत्तर बहुतेक वेळा फोटोंच्या फोल्डरात असतं. कापशी चप्पलेचा मोबाईलनं काढलेला फोटो, जशाच्या तसा, पाच एमबीचा. असे सहा फोटो स्लायडरमध्ये, वर पेजबिल्डर (पान ओढून-सोडून मांडायचं प्लगइन), त्यावर व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं बटण नाचवणारं आणखी एक प्लगइन. गुगलच्या हिशेबानं पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. या पानाची पहिली चप्पल दिसेस्तोवर गिऱ्हाईक चप्पल लाईनीत जाऊन घेऊन येईल. वर्डप्रेस ५.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, वेबपी या हलक्या फॉरमॅटमधले फोटो घेतं. फोटो बारीक करून त्यात चढवा आणि मग बोला.

उलट साध्या रिअ‍ॅक्ट साइटचा सोर्स उघडून बघा: एक रिकामा डिव्ह (पानातला नुसता कप्पा) आणि खाली स्क्रिप्टचा पत्ता. ती स्क्रिप्ट उतरून चालेपर्यंत स्वस्तातल्या फोनवर पांढरा पडदाच. यावर कुणी म्हणेल, रिअ‍ॅक्टवरच बेतलेलं नेक्स्टजेएस वापरा, पान सर्व्हरवरच तयार होऊन येईल. बरोबर आहे. पीएचपी जन्मापासून तेच करतेय.

गंमत म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये ५.० सोबत आलेला वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर, म्हणजे मजकूर लिहायची-मांडायची जागा, रिअ‍ॅक्टवरच उभा आहे. मेसेज पुढं ढकलणाऱ्याला हे माहीत नसावं.

खरी भानगड अशी, की टूलवरची ही सगळी मतं साइट बांधणाऱ्यांची असतात. दिवाळीच्या तोंडावर दर बदलायचा असतो तो दुकानदाराला, रात्री दहाला, गल्ला मोजून झाल्यावर. वर्डप्रेसमध्ये तो लॉगिन करून आकडा बदलतो. वेगळं अ‍ॅडमिन पॅनल न देता सोपवलेल्या रिअ‍ॅक्ट साइटवर त्याला डेव्हलपरला फोन लावावा लागतो, आणि डेव्हलपर तोवर पुण्यात नोकरीला लागलेला असतो.

त्या नोकरीसाठी रिअ‍ॅक्ट शिका, जरूर शिका. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीला कुठलं कास्टिंग कुठल्या टप्प्यावर आहे ते स्क्रीनवर हलतं दाखवायचं असेल, तर मीही रिअ‍ॅक्टच घेईन. त्याच फाउंड्रीच्या पत्ता, फोन आणि कॅटलॉगच्या पाच पानांसाठी मात्र वर्डप्रेसच टाकून देईन.