मॅडमचा सनकोट

आमच्या मॅडमनी अखेर ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ पाहिला. त्यांच्या लेकीने दाखवला. त्या पोरीशी माझं काही वाकडं नाही, पण तिने आईला महाभारत दाखवलं असतं तरी चाललं असतं.

२००६ सालचा सिनेमा. न्यूयॉर्कमधलं ‘रनवे’ नावाचं फॅशनचं मासिक, त्याची जाच करणारी संपादक मिरांडा प्रीस्टली, म्हणजे मेरिल स्ट्रीप. हाताखाली अँडी, म्हणजे अ‍ॅन हॅथवे. हिला व्हायचंय पत्रकार आणि फॅशनमधलं ओ की ठो कळत नाही. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या लॉरेन वाइसबर्गर एकेकाळी ‘व्होग’ या खऱ्याखुऱ्या फॅशन मासिकात संपादक अ‍ॅना विंटूर यांच्या साहाय्यक होत्या, त्यामुळे मिरांडा म्हणजे कोण हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. विंटूरबाईही खमक्या. सिनेमाच्या खेळाला आल्या त्या प्राडा या महागड्या ब्रँडचे कपडे घालूनच.

आमचं ठाण्यातलं बुटीक. लग्नाचे ब्लाऊज, आरी वर्क, फॉल-पिको. मी काउंटरवर. मापं लिहायची, तारखा द्यायच्या आणि नेमक्या त्या तारखेला मास्टर गावाला का गेले, ते गिऱ्हाइकाला पटवायचं.

मला वाटलं होतं, सिनेमा बघून मॅडम थोड्या तरी ओशाळतील. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “किती व्यवस्थित बाई आहे गं ती!”

“कोण, अँडी?”

“छे, ती वेंधळी. मिरांडा!”

सिनेमात मिरांडा रोज सकाळी येते आणि न बघता कोट आणि पर्स अँडीच्या टेबलावर भिरकावते. ठाण्यात कोट कुठून आणणार? पण अ‍ॅक्टिव्हा आहे. मॅडम गाडी लावून आत आल्या आणि माझ्या पावतीपुस्तकावर धप्पकन सनकोट पडला. जांभळ्या फुलांचा, बाह्यांना पंजे झाकणाऱ्या झापा असलेला. त्यावर स्कार्फ. त्यावर हेल्मेट. सगळ्यात वर कापडी पिशवी, तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. मेथी निवडायची का, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मिरांडाही सांगत नाही. आपण ओळखायचं.

मग आवाज. मिरांडा कधीच ओरडत नाही, तोंडातल्या तोंडात बोलते आणि समोरच्याचं पाणी पाणी होतं. हा आवाज आपण क्लिंट ईस्टवूडकडून उचलला, असं स्ट्रीपने सांगितलंय. आमच्या मॅडमचा आवाज मूळचा कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यापर्यंत जाणारा, आणि त्याची आम्हाला सवय होती. त्या ओरडत असल्या की सगळं ठीक चाललंय असं समजायचं. आता त्या मास्टरांच्या मशीनपाशी उभ्या राहून पुटपुटल्या, “बाही अर्धा इंच वर गेलीय.”

मास्टरांचा जन्म मशीनच्या घरघरीत गेलेला. “काय?”

“बाही.”

“कोण बाई?”

पुढचं वडापाववाल्यानेही ऐकलं.

सगळ्यात कहर निळ्या रंगाने केला. सिनेमातला तो प्रसंग मलाही आवडतो. दोन सारख्याच दिसणाऱ्या पट्ट्यांवरून चर्चा चाललेली बघून अँडी फिस्सकन हसते. मिरांडा तिच्या त्या ढगळ स्वेटरचा अख्खा वंशवृक्ष मांडते: हा नुसता निळा नाही, सेरुलियन आहे, २००२ मध्ये ऑस्कर दे ला रेंटाने गाऊनमध्ये आणला, मग इतरांनी उचलला, मग मोठ्या दुकानांत गेला आणि शेवटी सेलच्या ढिगातून तुझ्या अंगावर आला. असं अपमान करता करता शिकवणारं माणूस मला तरी दुसरं दिसलं नाही.

आमच्याकडे एक ताई पैठणीचं मॅचिंग बघत होत्या. म्हणाल्या, “दोन्ही निळेच की!” मॅडमनी कात्री खाली ठेवली. माझ्या पोटात गोळा आला. “हा चिंतामणी,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि तो मोरपंखी.” मग येवल्याच्या मागावरून निघालेला चिंतामणी मालिकेतल्या सुनेच्या अंगावर कसा चढला, तिथून प्रदर्शनात, तिथून स्टेशनबाहेरच्या मॅचिंग सेंटरमध्ये आणि शेवटी ताईंच्या यजमानांच्या कुर्त्यावर कसा पोचला, असं सगळं सांगितलं. ताईंनी नीट ऐकून घेतलं.

“बरं, मग शिलाईत किती कमी कराल?”

अँडीला हे सुचलं असतं तर सिनेमा वीस मिनिटांत आटोपला असता.

मायामीत वादळ, सगळी विमानं रद्द, तरी मिरांडाला घरी जायला विमान हवं असतं. मॅडमना रविवारी, मेगाब्लॉकमध्ये, दादरहून लटकन हवे होते. मी आणले. त्यांनी ते उजेडात धरून बघितले आणि बाजूला ठेवले. शाबासकी नाही, पण परतही पाठवलं नाही.

शेवटी धीर करून विचारलंच, “मॅडम, पण ती स्वतःची खुर्ची वाचवायला तिच्याच मासिकातल्या बिचाऱ्या नायजेलला मिळणारी नवी नोकरी दुसरीला देते, ते?”

“ते कधी? तेव्हा मी पोळ्या लाटत होते.”

“आणि शेवटी पॅरिसमध्ये अँडी फोन कारंज्यात टाकून निघून जाते, ते?”

“ते बघितलं. मूर्ख मुलगी! हप्ते कोण फेडणार?”

तलावपाळी आमच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर आहे, पाणीही भरपूर. पण माझ्या फोनमध्ये या लग्नसराईची सगळी मापं आहेत आणि त्यातल्या निम्म्या बायकांची ट्रायल शनिवारी आहे.