‘दिव्यांग मुलांचा मोबाईल काढून घ्या’ हा मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

सोलापुरातल्या आमच्या पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. मला तो सात-आठ जणांकडून आला, त्यातल्या दोघी तर थेरपीच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्या आया. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दिव्यांग मुलांना ऑनलाईनचं काही कळत नाही, शिकवून उपयोग नाही, मोबाईलमुळंच ऑटिझम होतो, म्हणून मोबाईल काढूनच घ्या, द्यायचाच असला तर लॉक टाका आणि अनोळखी माणसाशी बोलू नको एवढं सांगा, आणि काही वाईट घडलं तरी पोलिसात जाऊ नका, अशा मुलांची साक्ष कोर्ट धरत नाही, उगाच बदनामी. पाठवणाऱ्यांची भीती खरी आहे, ती मलाही आहे. पण यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि आम्ही आधी तसंच वागलो होतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

ऑटिझमचं आधी, कारण ते पटकन होतं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझम असलेल्या मुलांबद्दल १९४३ साली लिहिलं, तेव्हा मोबाईल कुठं होता? मेंदूची घडण बाळ पोटात असल्यापासून वेगळी होत जाते आणि त्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लहान बाळांना स्क्रीन नको हे बरोबर, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आत अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको. पण ते सगळ्याच मुलांसाठी आहे. तू मोबाईल दिलास म्हणून पोराला असं झालं, हे कुठल्याही आईला ऐकवू नका, ती आधीच रात्र रात्र जागत असते.

आता काढून घ्यायचं. जे मूल बोलत नाही ते ॲपमधल्या चित्रांवर बोट ठेवून पाणी मागतं, ऐकू न येणारी पोरगी व्हिडिओ कॉलवर खुणांनी मैत्रिणीशी बोलते, न दिसणारा पोरगा टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, लावून मेसेज ऐकतो. मोबाईल काढला म्हणजे त्यांची भाषाच काढली. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग धरला, तोही दिव्यांग लोकांच्याच याचिकेवर. आणि गड्ड्याच्या यात्रेत गर्दी असते म्हणून आपण पोरांना घरी कोंडून ठेवतो का? खिशात फोन नंबरची चिठ्ठी घालतो, हरवलास तर कुणाकडं जायचं ते दहादा सांगतो आणि नेतोच की.

आमचं सांगते. माझा लेक पंधरा वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, बोलतो पण थोडं थोडं. मागच्या वर्षी एका गेममध्ये कुणी एक ‘दादा’ भेटला, गेममधले डायमंड देतो म्हणून त्यानं ओटीपी मागितला, लेकानं माझ्या फोनवरचा वाचून दिला, अडीच हजार गेले. मी दोन दिवस रडण्यात आणि ओरडण्यात घालवले आणि मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, तोवर पैसे पुढं गेले होते. हा नंबर पाठ करा, ऑनलाईन पैसे गेले की पहिल्या तासातच लावायचा असतो. मी रागानं मोबाईल काढून घेतला, दोन आठवड्यांनी परत दिला. तोच दादा नव्या नावानं परत आला आणि शर्ट काढून फोटो पाठव म्हणाला. हे आम्हाला दीड महिन्यानं कळलं, तेही लेकानं स्पेशल एज्युकेटर मॅडमना चित्र काढून दाखवलं म्हणून. मला का नाही सांगितलंस विचारलं तर एवढंच म्हणाला, “आई मोबाईल घेते.”

मोबाईल काढून घेण्याच्या शिक्षेनं त्याचं माझ्याशी बोलणं बंद केलं होतं आणि त्या माणसाला तेच तर हवं होतं. आता घरात ठरलंय, सांगितलं तर मोबाईल जाणार नाही, काहीही झालेलं असो.

‘कळत नाही, शिकवून उपयोग नाही’ याच्यावर मला जास्त बोलायचंय. आमच्या मुलांना आपण जन्मभर काय शिकवतो? बस म्हटलं की बस, दे म्हटलं की दे, काकांना पापी दे, मॅडम सांगतील तसं कर. ऐकलं की शाब्बास. मग पलीकडचा माणूस फोटो पाठव म्हणाला तर पोरगं पाठवणारच, त्याला आपणच ऐकायला शिकवलंय ना! त्याला कळत नाही असं नाही, ‘नाही’ म्हणायची प्रॅक्टिस त्याला कुणी दिलीच नाही. आम्ही ती घरातूनच सुरू केली, त्याला मिठी नको असेल तर आजीनंसुद्धा मारायची नाही, जेवताना भाजी नको म्हणाला तर वाढायची नाही. सासूबाईंना जड गेलं पण त्या ऐकतायत. शरीराच्या सगळ्या भागांची नावं पण शिकवली, कारण शब्द नसेल तर पोर तक्रार करणार कशी? जी मुलं चित्रांच्या ॲपवर बोलतात त्यांच्या ॲपमध्ये हे शब्द आणि ‘नको’, ‘थांब’, ‘मला त्रास देतो’ एवढं तरी आहे का ते आजच बघा, आमच्या ओळखीतल्या दोन घरांत नव्हतं.

‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हा नियम आमच्याकडं चाललाच नाही. दोन दिवस चॅट केलं की लेकाच्या लेखी तो मित्र. शिवाय त्रास देणारा कितीदा ओळखीचाच निघतो. म्हणून आम्ही माणूस सोडून मागणं धरलं. फ्रिजवर चार चित्रं चिकटवलीत: फोटो मागितला, ओटीपी मागितला, पैसे मागितले, ‘कुणाला सांगू नको’ म्हणाला. यातलं काहीही झालं की मोबाईल घेऊन आईकडं यायचं, मग समोरचा दादा असो, सर असो, चुलता असो. रोज संध्याकाळी पाच मिनिटं मी खोटं खोटं मागते आणि तो “नाही” म्हणतो. पाठ व्हायला तीन महिने लागले.

लॉक टाका, जरूर टाका. गूगलच्या फॅमिली लिंक ॲपनं मुलाच्या मोबाईलवर नवीन ॲप तुम्हाला विचारून येतं, व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपात घालायची परवानगी फक्त कॉन्टॅक्टना ठेवता येते, अनोळखी कॉल सायलेंट होतात. पण गेमच्या आतल्या चॅटमध्ये कोण काय बोलतंय ते लॉकला दिसत नाही. टॉकबॅक वापरणाऱ्या मुलाला इअरफोन द्या, नाहीतर सिटी बसमध्ये त्याचा ओटीपी सगळ्यांना ऐकू जातो.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. साक्ष धरत नाहीत हे साफ खोटं आहे. २०२१ च्या पाटण जमाल वली खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की दिव्यांग व्यक्तीची साक्ष दिव्यांगपणामुळं कमजोर मानायची नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात कलम २६ आणि ३८ आहे, मुलाचा जबाब घेताना आणि कोर्टात सुद्धा स्पेशल एज्युकेटर किंवा मुलाची भाषा समजणाऱ्या माणसाची मदत घेता येते. जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसायला पाहिजेत. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापायला मीडियाला कलम २३ नं बंदी आहे. आणि मुलावर असा अत्याचार झाल्याचं माहीत असून न कळवणं हा गुन्हा आहे, म्हणजे ‘गप्प बसा’ सांगणारा मेसेज लोकांना कायदा मोडायला सांगतोय.

काही घडलं तर चॅट डिलीट करू नका, नंबर आणि प्रोफाईलचे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच ब्लॉक करा. मुलाचा तसा फोटो असेल तर तो पुरावा म्हणून कुणालाही फॉरवर्ड करायचा नाही, नातेवाईकांना पण नाही, फोन तसाच पोलिसांना दाखवायचा. १०९८ वर मुलांसाठी मदत मिळते, केंद्र सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर मुलांबद्दलच्या अशा तक्रारी नाव न देता पण करता येतात.

चार चित्रांचा कागद मी झेरॉक्स करून ठेवलाय, विडी घरकुलाकडच्या एका आईनं त्यावर तेलुगूत पण लिहून दिलंय कारण तिच्या घरात मराठी कमीच बोलतात. थेरपीला येणाऱ्या कुणाला पाहिजे असेल तर मागून घ्या, आणि तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथं हे पण टाका.